चाळपळण

उंदीर पडला तो थेट लवू परबाच्या बशीत. आता बशी म्हटल्यावर तीत चहा आला, आणि सकाळचा चहा म्हटल्यावर त्यात भिजलेली खारी आली. म्हणजे नुकसान बघा केवढं! पत्र्याखालच्या वाशावरून मेलेला उंदीर सुटला, बशी उडाली, चहा लवूच्या गंजीवर गेला आणि खारी गेली ती गेलीच. दुसरा कुणी असता तर त्याने त्या उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. लवूने मात्र उंदराकडे नीट वाकून पाहिलं, आणि त्याचे डोळे एकदम लकाकले.

"पडलो!" तो दारात येऊन ओरडला. "गे कौसल्या, उंदीर पडलो!"

"मग उचला नि टाका," शेजारच्या खोलीतून कौसल्या म्हणाली. "माका कित्याक सांगतास?"

का सांगतो ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्याला वेड्यातच काढाल.

काळाचौकीतली मोरेश्वर चाळ म्हणजे बारा खोल्यांची बैठी चाळ. नवरात्र संपलं की ती पडायची होती, तिच्या जागी टॉवर उठायचा होता आणि बारा बिऱ्हाडांची बारा वाटांनी रवानगी ठरलेली होती. कौसल्या भाचीकडे बदलापूरला, तांब्यांचं घर ऐरोलीला, लवू मुलाकडे नालासोपाऱ्याला. टॉवर झाल्यावर परत यायचंच आहे, असं सगळे एकमेकांना सांगत. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने बिल्डरच्या 'झाल्यावर'वर किती भरवसा ठेवायचा? लवूचं मागणं साधं होतं. जायच्या आधी एकदा सगळ्या चाळीने एकत्र बसावं, एका पंगतीत जेवावं, पाय पसरून गजाली माराव्यात. त्यासाठी तो दारोदार फिरला होता. "बघू काका." "सामान बांधून होऊ दे काका." अरे, बघू बघू म्हणता गणपती आले आणि गेले की! दारं बंद, आणि दाराआड खोके बांधायच्या टेपचा चर्र चर्र आवाज. एकट्या माणसाला तो आवाज फार लागतो. लवूची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्याला तो रोज लागत होता.

आणि आता देवाने उंदीर टाकला होता.

लवूचं गाव मालवणाकडचं. तिकडे काही गावांत गावपळणीची रीत आहे. देवाचा हुकूम झाला की अख्खं गाव घराला कडी घालून, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातं. तीन दिवस रानात खोपटी बांधून राहायचं, रांधायचं, भजनं म्हणायची, आणि देवाने कौल दिला की परत यायचं. कशासाठी? कुणी म्हणतं भुतांना गाव मोकळा करून द्यायचा, कुणी म्हणतं पूर्वी पटकी आणि प्लेग यायचे त्याची ही आठवण. लवूचा आजा या वादात पडत नसे. तो म्हणायचा, उंदीर पडलो, घर सोड.

"चाळपळण!" लवू नळापाशी उभा राहून सगळ्यांना सांगू लागला. "चाळ सोडूक व्हयी. आत्ताच्या आत्ता!"

कुणी लक्ष दिलं नसतं. पण दुसरा उंदीर रमाबाई तांब्यांच्या मोरीत निघाला, आणि तिसरा नळावर, हंड्यांच्या रांगेत, जणू नंबर लावून मेलेला. मग मात्र बारा दारं उघडली. आणि रमाबाईंचा मुलगा सम्यक हातात काठी घेऊन धावत आला.

सम्यक परळच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. देव, भूत, कौल, राखणदार, यातलं तो काहीही मानत नाही. लवूशी त्याचं या विषयावर मिसरूड फुटल्यापासून भांडण आहे. चाळीला वाटलं, आता हा म्हाताऱ्याला गप्प बसवणार.

"कुणी हात लावू नका!" सम्यक ओरडला. "जवळसुद्धा जाऊ नका. लवूकाका बरोबर बोलतायत."

चाळ गार पडली. लवू तर जास्तच गार पडला, कारण सम्यकने त्याला बरोबर म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

"घाबरायचं नाही," सम्यक म्हणाला. "आपल्याकडे आता प्लेग नाही, आणि असला तरी वेळेत औषध घेतलं तर बरा होतो. पण एका सकाळी तीन उंदीर म्हटल्यावर तपासलेलं बरं. प्लेग आधी उंदरांत येतो, माणसांत मागाहून. उंदराच्या अंगावर पिसवा असतात. उंदीर मेला, अंग थंड पडलं, की पिसू म्हणते, चला, इथलं हॉटेल बंद झालं. मग तिला दुसरं ऊबदार अंग लागतं. जवळ दुसरा उंदीर नसला तर माणूस."

"एकदा चावली की भागलं ना तिचं?" कौसल्याने विचारलं.

"तिथेच तर खोच आहे. प्लेगचे जंतू पिसवेच्या घशात बूच मारून बसतात. ती रक्त ओढते, ते पोटात जातच नाही, जंतूंसकट माघारी येतं आणि आपल्या अंगात शिरतं. तिची भूक तशीच. म्हणून ती भुकेने पिसाळते आणि दिसेल त्याला चावत सुटते."

"म्हणजे आमचो चिंतामणी," कौसल्या म्हणाली. "बारा घरी चाय पिता, तरी त्याचा पोट भरणा नाय."

चिंतामणी म्हणजे चाळीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. एरवी असं बोलल्यावर त्याने दोन तास भाषण दिलं असतं. आज तो नुसता खाकरला आणि दुसरीकडे बघू लागला. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. यायला हवं होतं.

सम्यकने पालिकेत फोन लावला. माणसं आली, उंदीर पिशवीत भरून तपासायला घेऊन गेली, खोल्याखोल्यांतून पिसवांची पावडर मारली आणि सांगून गेली, रिपोर्ट येईपर्यंत आत वावरू नका. लवूच्या आनंदाला पारावार राहिला नाही. देव एकीकडून ढकलतोय, सायन्स दुसरीकडून. बिल्डरला जी चाळ रिकामी करताना वर्षानुवर्षं नाकी नऊ आले, ती तीन उंदरांनी नाश्त्याच्या आधी रिकामी केली.

जायचं कुठे? रान तर काळाचौकीत नाही. पण गल्लीच्या पलीकडे मंडळाचा मांडव होता. विसर्जन झालेलं, मूर्ती गेलेली, पण वरचं कापड आणि खालचं स्टेज अजून तसंच. चिंतामणीच्या परवानगीशिवाय त्या मांडवात कुणी साधी चप्पल काढू शकत नसे. तो आता म्हणाला, "या ना, या! मांडव चाळीचाच आहे." तेव्हाही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग वेशीचा प्रश्न निघाला. गावपळणीत वेस ओलांडावी लागते, आणि चाळीची वेस कुठली? कौसल्या म्हणाली नळ. कुणी म्हणालं गटार. शेवटी लवूने फाटकाजवळच्या राखणदाराच्या दगडावर बोट ठेवलं. शेंदूर फासलेला, गुडघाभर उंचीचा, चाळीइतकाच जुना. "ह्येच्या अलीकडे गाव, पलीकडे रान," तो म्हणाला. पण गल्ली म्हणजे गाव की रान, यावर परत वाद, कारण रानात पार्किंगचा बोर्ड कसा? सम्यक म्हणाला, पिसू काही वेस बघत नाही, चला एकदाचे.

आणि चाळ निघाली. कुणी कुकर घेतला, कुणी गादी, कुणी मीटरचं बिल. एका पठ्ठ्याने टीव्ही घेतला आणि रिमोट आत विसरला. गल्ली ओलांडायची होती हो, समुद्र नव्हे! तरी दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. रिक्षावाले थांबून बघू लागले. कौसल्याच्या कडेवर तिचा बोका होता. त्याचं नाव वकील, कारण तो खाल्ल्याशिवाय कुणाच्या बाजूने उभा राहत नाही.

"मांजर आधी तपासायचं," सम्यकने तिला वाटेतच अडवलं. "त्यांच्या अंगावरही पिसवा येतात."

"ह्यो उंदरांच्या वाऱ्याक पण उभो रवत नाय," कौसल्या म्हणाली. "ह्येच्या उभ्या जन्मात ह्येना एक उंदीर धरूक नाय. होया तर कोर्टात सांगतंय."

"उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच," सम्यक म्हणाला. त्याने वकिलाला धरला आणि उवांच्या फणीने शेंडीपासून शेपटीपर्यंत विंचरला. एकही पिसू निघाली नाही, पण सम्यकच्या दोन्ही हातांवर वकिलाने आपलं म्हणणं लिहून ठेवलं. फणी रमाबाईंची होती, हे रमाबाईंना दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वेळी जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राखणदारापुढे नारळ ठेवून लवूने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, राखणदारा! ही तुझी बारा बिऱ्हाडां आज भायर पडतत. ह्येंची इडापिडा तू भायरच्या भायर कर!" मागून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" सम्यक हाताची घडी घालून बाजूला उभा राहिला. लहानपणी तो गाऱ्हाण्यात सगळ्यांत मोठ्याने ओरडायचा, पण तेव्हा खोबऱ्याचा प्रश्न असायचा.

त्यानंतरचे दिवस काय सांगू! मंडळाचं मोठं पातेलं निघालं. बारा घरच्या डाळी एका पातेल्यात पडल्या आणि कुणाच्याही एकट्या घरी कधी झाली नव्हती अशी आमटी झाली. पितृपक्ष चालू होता, म्हणून पहिल्या दिवशी सगळे सोवळे होते. दुसऱ्या दिवशी रमाबाईंनी सुकटीची चटणी परतायला घेतली, आणि त्या वासावर अर्ध्या चाळीचा पितृपक्ष तिथल्या तिथे संपला. रिमोट नसल्यामुळे टीव्हीवर एकच चॅनेल, तेही तेलुगू. सगळी चाळ एका रांगेत बसून तेलुगू सिनेमा बघायची आणि कौसल्या त्याचं मालवणीत भाषांतर करायची. तिला तेलुगूचं ओ की ठो कळत नव्हतं. तिने सांगितलेली गोष्ट सिनेमापेक्षा चांगली होती.

लवू तर हवेतच होता. माणसं त्याच्याशी बोलत होती, आणि नुसतं "कसे आहात काका" करून पुढे सटकत नव्हती. बसून, मांडी घालून बोलत होती. "काका, गावची गजाल सांगा." "काका, मिठाचं बघा जरा." आपण किती दिवसांत पोटभर बोललो नव्हतो, हे त्याला बोलता बोलता घसा बसला तेव्हा कळलं. स्टेजवर जिथे गणपती बसवतात त्या जागी तो संध्याकाळी टेकायचा, बारा बिऱ्हाडं समोर पसरलेली बघायचा, आणि त्याला बायकोची आठवण यायची. ही हवी होती, असं त्याला वाटायचं. मग डोळे पुसून तो उगाच कुणालातरी ओरडायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सम्यकचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तो स्टेजवर चढला. "प्लेग नाही! उंदरांच्या पोटात विष सापडलंय. कुणीतरी गोळ्या ठेवल्या होत्या."

आणि चिंतामणी परत खाकरला. आता मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं.

"मंडळाच्या माळ्यावर ठेवल्या," तो पुटपुटला. "नवीन पडदे कुरतडत होते, मेले."

"अरे, अध्यक्ष तू गणपतीचा!" रमाबाई कडाडल्या. "आणि त्याच्याच वाहनाला विष घातलंस?"

"विसर्जनानंतर घातलं ना!" चिंतामणी कळवळून म्हणाला. "बाप्पा असताना एका उंदराला हात लावला असेल तर शप्पथ!"

"डोंगर पोखरून उंदीर काढलो," कौसल्या म्हणाली, आणि सगळी चाळ पोट धरून हसली. हसता हसता एकेक जण उठला. गाद्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. कुणीतरी म्हणालं, चला, खोके बांधायचे राहिलेत.

लवू त्या गाद्यांकडे बघत होता. संपलं? ही माणसं आता गल्ली ओलांडणार, दारं लावून घेणार, आणि परत दारं उघडतील ती टेम्पो भरायला. तो ताडकन उभा राहिला.

"असा कसा जातास? कौल घेवक व्हयो! देवाच्या परवानगीशिवाय पळण मोडत नाय!"

कौल म्हणजे असं. देवाच्या दगडाला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लवू दगडापुढे बसला, त्याने तगरीच्या पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "देवा म्हाराजा, लेकरांनी घरी परत येवचा काय?"

डावी पडली. उजवी ढिम्म हलली नाही.

हलणार कशी? तिच्या मागे भाताचं शीत होतं, तीन दिवस भरले की कौल निघणार हे धरून लवूने सकाळीच पातेल्याच्या बुडातून काढून बोटावर मळलेलं. देवाला फसवलं म्हणा, नाहीतर देवाला जरा मदत केली म्हणा. लवूने स्वतःला दुसरं सांगितलं.

"अजून एक दिवस," तो जड आवाजात म्हणाला. माणसं कुरकुरली, पण देवाचं 'नाही' कोण मोडणार? सगळ्यांनी सम्यककडे पाहिलं.

"मी कौल मानत नाही," तो म्हणाला. "आई, ऊठ, आपण घरी जाऊ."

"सगळे इथे, आणि मी तिथे एकटी भिंतींशी बोलू?" रमाबाई म्हणाल्या. "मला नाही जायचं." सम्यकने आईची गादी परत पसरली.

लवूने जिंकलं खरं, पण त्याला तो दिवस गोड लागला नाही. रमाबाई फळीवर बसून गुडघा चोळताना दिसल्या. कौसल्या हंडा उचलताना कमरेवर हात ठेवून थांबली. चिंतामणीची ड्युटी बुडाली, आणि तो बोलायच्या परिस्थितीत नसल्यामुळे काही बोलला नाही. लवूला स्वतःचीच लाज वाटली. आपल्या हौसेपायी म्हाताऱ्या माणसांना फळ्यांवर झोपवायचं, आणि वर देवाच्या नावावर? बायको असती तर तिने झाऱ्याने मारला असता. नाही, नाही. उद्या सरळ कौल घ्यायचा आणि सगळ्यांना घरी धाडायचं. माणसं अशी चिकटवून राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने जाऊन दगड घासून धुतला, सगळं शीत काढलं, आणि नव्या पाकळ्या नुसत्या पाण्याने लावून ठेवल्या. मग तोंड धुऊन, चहा घेऊन, सगळ्यांना बोलावून दगडापुढे बसला. आज त्याचा आवाज खरा होता. "देवा, चुकला-माकला पोटात घाल. लेकरांका आता घरी जावक दी."

पाणी सुकायला लागलं. डावी पाकळी जराशी हलली आणि पडली.

लवू बघतच राहिला. उजवी जिथल्या तिथे. त्याने डोळे चोळले, दगडावर फुंकर मारली, बोटाने हळूच दगड ठोकला. हूं की चूं नाही.

"नाय म्हणता," तो चाचरत म्हणाला.

कालची कुरकुर आज कुठेच नव्हती. "मग काय, राहिलं पाहिजे," चिंतामणी घाईघाईने म्हणाला. "देवापुढे इलाज नाही." आणि कौसल्या पदर खोचत म्हणाली, "बरां झाला. काळे वाटाणे मी रात्रीच भिजत घातलंय."

रात्रीच? देवाचं उत्तर यायच्या आधी?

सगळे पांगल्यावर लवूने उजव्या पाकळीला हात घातला. ती निघेना. नखाने खरवडली तेव्हा शेंदराचा पोपडा घेऊन निघाली, आणि मागे पांढरा, रबरासारखा थर. शिताचा नव्हे. फेविकॉलचा. त्याने मान वर केली. सगळे गेले होते, एक सम्यक तेवढा फाटकाला टेकून उभा होता आणि अंगठ्यावरची पांढरी साल सोलत होता.

"तू?" लवू म्हणाला. "मेल्या, तू तर कौल मानत नाय ना?"

"नाहीच मानत," सम्यक म्हणाला. "म्हणून तर हात लावायला भीती वाटली नाही. बाकी सगळे नुसतेच म्हणत होते, कुणीतरी काहीतरी करा."

"काका, ऐरोलीला चौदावा मजला आहे," सम्यक जरा खालच्या आवाजात म्हणाला. "मी दिवसभर कॉलेजात. आई तिथे कुणाशी बोलणार? दोन महिने झाले, मला झोप नाही. असू दे की अजून एक दिवस."

लवूचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत. त्याने ती पाकळी दगडाच्या पायाशी ठेवली, सम्यकच्या पाठीवर एक चांगला सणसणीत धपका घातला, आणि वाटाण्याच्या उसळीत खोबरं जरा सढळ हाताने घाल, असं कौसल्याला सांगायला तो गल्ली ओलांडून मांडवात गेला.